एक रणगाडा, एक तारीख : टायगर १३१ चं अचूक मॉडेल कसं बांधावं

रणगाड्याचं पहिलं किट विकत घेण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा : नेमका कोणता रणगाडा, आणि कोणत्या दिवशीचा. ‘टायगर’ एवढं उत्तर पुरेसं नाही. ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या दोन वर्षांत जर्मनीत साडेतेराशेच्या आसपास टायगर-१ तयार झाले. त्या काळात त्याचं इंजिन, चाकं, दिवे, कमांडरच्या डोक्यावरचा घुमट, अंगावरचा लेप, सगळं टप्प्याटप्प्यानं बदलत गेलं. आफ्रिकेतल्या टायगरवर १९४४ सालची पोलादी चाकं बसवली तर मॉडेल कितीही सफाईदार झालं तरी तसा रणगाडा कधी अस्तित्वातच नव्हता. रणगाडा आणि तारीख पक्की झाली की कोणतं किट घ्यायचं, कोणता भाग लावायचा, कोणता बाजूला ठेवायचा, रंग कोणता, चिखल किती, या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिथूनच मिळत जातात.

नवशिक्यांनी टायगर १३१ निवडावा असं मी आग्रहानं सांगेन, कारण त्याच्याइतका पुरावा फार थोड्या रणगाड्यांचा उपलब्ध आहे. तो फेब्रुवारी १९४३ मध्ये कासेलच्या हेन्शेल कारखान्यात तयार झाला. चासीचा क्रमांक २५०११२. तिथून तो ५०४ क्रमांकाच्या जड रणगाडा बटालियनमध्ये दाखल झाला आणि त्या वसंतात समुद्रमार्गे ट्युनिशियात उतरला. टरेटवरचा (तोफ असलेल्या वरच्या फिरत्या भागावरचा) १३१ म्हणजे पहिली कंपनी, तिसरी प्लाटून, पहिला रणगाडा. ब्रिटिशांनी तो जवळजवळ धडधाकट अवस्थेत पकडला, ऑक्टोबर १९४३ मध्ये इंग्लंडला नेला, सुटा करून तपासला, आणि १९५१ पासून तो बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियमकडे आहे. आज तो स्वतःच्या ताकदीवर चालतो.

त्याच्या तारखेचाही एक इतिहास आहे. तो २१ एप्रिल १९४३ रोजी जेबेल जाफ्फा इथं पकडला गेला असं अनेक वर्षं सांगितलं जायचं. पुढं जुने फोटो, त्यांतले डोंगर आणि पलटणींच्या नोंदी ताडून पाहिल्यावर २४ एप्रिल आणि गुरिअत एल अताश हा दिवस आणि ही जागा पुढं आली, आणि म्युझियमनंही ती मान्य केली. आपण करणार तो २४ एप्रिल १९४३ चा टायगर १३१.

फोटो कसे वाचायचे

तीन प्रकारचे फोटो तुमच्या हाती लागतील. पहिले ट्युनिशियात पकडल्यानंतर लगेच काढलेले. दुसरे इंग्लंडमधल्या तपासणीच्या वेळचे. तिसरे आजचे, म्युझियममधले रंगीत फोटो. नवीन माणूस सहसा तिसऱ्या प्रकारावर विसंबतो, कारण ते स्पष्ट आणि भरपूर असतात. पण पुरावा म्हणून त्यांचं स्थान शेवटचं. १९९० नंतर या रणगाड्याचा मोठा जीर्णोद्धार झाला आणि आजचा रंग नंतर चढवलेला आहे. आजचे फोटो आकारासाठी वापरा : बिजागरी कशी वळते, बोल्ट किती आहेत, पत्रा कुठं दुमडला आहे. रंग, खुणा, मळ यांसाठी मात्र १९४३ चेच काळेपांढरे फोटो बघा.

त्यांतही एक सापळा आहे. पकडल्यानंतरच्या काही फोटोंत रणगाड्यावर ब्रिटिशांनी रंगवलेल्या खुणा दिसतात. तुमची तारीख २४ एप्रिल असेल तर त्या तुमच्या मॉडेलवर येता कामा नयेत. फोटो छापून घ्या, मागच्या बाजूला ‘पकडण्याआधी’, ‘नंतर’, ‘इंग्लंड’, ‘आज’ असं लिहा, आणि बांधणी चालू असेपर्यंत टेबलासमोर चिकटवून ठेवा.

फोटोंवरून भागांची यादी करा. १३१ साठी ती अशी निघते : कमांडरचा घुमट उभ्या डब्यासारखा, दृष्टीच्या फटी असलेला (पेरिस्कोपचा ओतीव घुमट १९४३ च्या उन्हाळ्यात आला). समोर दोन दिवे, हलच्या (टरेटखालच्या मुख्य धडाच्या) छताच्या दोन टोकांना. टरेटच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन धूरनळ्या. टरेटच्या मागच्या अंगाला उजवीकडे बाहेर पडायचं गोल झाकण, डावीकडे पिस्तुलाची खिडकी. रणगाड्याच्या पाठीवर फायफेल नावाचे धूळगाळणीचे डबे आणि त्यांचे जाड नळ. चाकांना रबरी धावा. आणि झिमरिट अजिबात नाही. झिमरिट म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून दिलेला खरबरीत लेप. तो १९४३ च्या उत्तरार्धात सुरू झाला. टायगर म्हटलं की हा लेप हवाच असं अनेकांना वाटतं. या तारखेला तो चुकीचा आहे.

किट आणि माप

खोक्यावर ‘इनिशियल प्रॉडक्शन’ किंवा ट्युनिशिया १९४३ असा उल्लेख शोधा. ‘मिड’ आणि ‘लेट’ सरळ बाजूला ठेवा; ‘अर्ली’ लिहिलेलं असेल तर वरची यादी हातात घेऊन स्प्रूचे (सुटे भाग ज्यात जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटींचे) फोटो तपासा. टामियाचं एकास पस्तीस मापातलं आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या टायगरचं किट नवशिक्याला झेपतं : भाग माफक, जोड घट्ट. इतर काही कंपन्यांची किटं आतल्या इंजिनापर्यंत सगळं देतात, पण पहिल्याच वेळी इतक्या भागांत शिरू नका.

माप एकास पस्तीसच घ्या. खरा टायगर तोफेसकट सुमारे ८.४५ मीटर लांब आहे, म्हणजे मॉडेल साधारण २४ सेंटीमीटरचं होतं. एकास बहात्तरमध्ये तेच जेमतेम १२ सेंटीमीटर. जागा कमी लागते हे खरं, पण पहिल्यांदा हात बसवायला ते फार बारीक पडतं. आणि एक गणित डोक्यात पक्कं ठेवा : तुमच्या मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे साडेतीन सेंटीमीटर. पुढं रंगाचे पोपडे काढताना हे गणित फार उपयोगी पडेल.

हत्यारं थोडीच लागतात. स्प्रू कापायचा चपट्या पात्याचा निपर, धारदार हॉबी नाइफ, बारीक टोकाचा चिमटा, एक छोटी कानस, ४०० ते १००० नंबरचा पॉलिश पेपर, पाण्यासारखं पातळ प्लास्टिक सिमेंट, धातूच्या भागांसाठी फेव्हिक्विकसारखं झटपट चिकटणारं ग्लू, पुट्टी, मास्किंग टेप. शिवाय एक सपाट काच आणि छोटा गुण्या. या शेवटच्या दोन गोष्टी हॉबीच्या दुकानातल्या यादीत नसतात, पण रणगाडा सरळ उभा राहतो तो त्यांच्यामुळे. सिमेंट आणि रंगांच्या वाफा वाईट असतात. खिडकी उघडी ठेवूनच बसा आणि फवारताना मास्क लावा.

खालचा भाग आणि चाकं

सगळ्या स्प्रू कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणानं धुऊन वाळवा. साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग सूचनापत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. जिथं दोन पर्याय दिलेत तिथं आपल्या यादीनुसार एकावर खूण करा आणि दुसऱ्यावर काट मारा. प्रत्येक भाग आधी सिमेंटशिवाय जोडून पाहा. बसत नसेल तर कारण शोधा. बहुतेक वेळा कापलेल्या जागी राहिलेला कणच आडवा येत असतो.

टायगरचा सगळ्यात नाजूक टप्पा सुरुवातीलाच येतो. एका बाजूला आठ आस, प्रत्येक आसावर तीन चाकं, म्हणजे बाजूला चोवीस आणि एकूण अठ्ठेचाळीस. ती एकमेकांत गुंतलेली असल्यानं आतलं चाक बसल्यावर पुन्हा हाती लागत नाही. म्हणून क्रम असा ठेवा : आधी टॉर्शन बारच्या (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळयांच्या) दांड्या हलला लावा. सिमेंट ओलं असतानाच हल काचेवर ठेवून प्रत्येक बाजूच्या आठही दांड्यांची टोकं पोलादी पट्टीला टेकतात का बघा. एखादी वर राहिली असेल तर आत्ताच दाबा. रात्रभर तसंच राहू द्या. सपाट रस्त्यावर उभ्या रणगाड्याचं एक जरी चाक हवेत राहिलं तरी सत्तावन्न टनांचं वजन डोळ्याला पटत नाही.

चाकं मात्र लगेच लावू नका. प्रत्येक चाकाच्या कडेवरची साच्याची रेघ पॉलिश पेपरनं काढा. चाक टूथपिकवर अडकवा, मधला भाग रणगाड्याच्या मूळ रंगानं रंगवा, मग टूथपिक फिरवत रबरी धाव रंगवा. धावेला शुद्ध काळा देऊ नका. धुळीतलं रबर करडं दिसतं, गडद करड्या रंगात थोडा तपकिरी मिसळा. अठ्ठेचाळीस चाकांना दोन-तीन संध्याकाळी जातात. मला हे काम आवडतं. हात हळूहळू स्थिरावत जातो. त्यानंतर आतून बाहेर या क्रमानं बसवा, आणि प्रत्येक थरानंतर समोरून पाहून ओळ सरळ आहे ना याची खात्री करा.

ट्रॅक लढाईचे, ७२५ मिलिमीटर रुंद. रेल्वेनं नेताना ५२० मिलिमीटरचे अरुंद ट्रॅक लावत आणि चाकांची बाहेरची रांग काढून ठेवत. किटमध्ये दोन्ही आले तर गोंधळू नका. सुटी कडी जोडायचा ट्रॅक असेल तर प्रत्येक बाजूला ९६ कड्या आणि त्यांची दिशा चित्राशी ताडून पाहा. मऊ प्लास्टिकचा एकसंध पट्टा असेल तर एक गोष्ट हातानं करावी लागते. टायगरला वर परतीच्या पुली नाहीत, म्हणून ट्रॅक पुढच्या दात्यांच्या चाकावरून निघाला की स्वतःच्या वजनानं खाली झुकून थेट चाकांच्या माथ्यावर विसावतो. मऊ पट्टा तसा झुकत नाही, ताठ राहतो. त्याला झटपट ग्लूच्या थेंबांनी चाकांच्या माथ्याला चिकटवा आणि ग्लू धरेपर्यंत वरून स्पंजचा तुकडा दाबून ठेवा. हा झोल आला की रणगाडा एकदम जड दिसायला लागतो.

हल, टरेट, पोलादाचा पोत

वरच्या भागात काम सोपं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. हलचे जोड गुण्यानं तपासा. तोफेची नळी दोन अर्ध्या भागांची असेल तर जोडावर पातळ पुट्टी द्या आणि पॉलिश पेपरची बारीक पट्टी नळीभोवती गुंडाळून आडवी फिरवा. लांबीच्या दिशेनं घासलं तर नळी चपटी होते. हत्यारं, तारदोर, धूरनळ्या हे नाजूक भाग शेवटी लावा.

खरा वेळ पोताला द्या. टायगरचं अंग जाड लाटलेल्या पोलादाच्या सपाट तक्त्यांचं आहे. समोरचा तक्ता १०० मिलिमीटरचा. टरेटच्या दोन्ही बाजू ८० मिलिमीटरच्या एकाच तक्त्याला घोड्याच्या नालासारखा वाक देऊन केलेल्या. तोफेभोवतीची ढाल मात्र ओतीव. लाटलेलं पोलाद जवळजवळ गुळगुळीत असतं, ओतीव पोलाद खरबरीत. म्हणून पातळ केलेली पुट्टी ताठ ब्रशनं टोचत फक्त त्या ढालीवर द्या, वाळल्यावर हलकेच घासा. सगळ्या रणगाड्यावर खरबरीतपणा देऊ नका.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम गाठा. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात पॅटन, सेंच्युरियन, विजयंता असे रणगाडे उघड्यावर उभे आहेत. पॅटनच्या ओतीव टरेटचा पृष्ठभाग आणि विजयंताच्या सपाट तक्त्यांचा पृष्ठभाग एकामागोमाग पाहा. वेल्डिंगची रेघ किती रुंद असते, झाकणाच्या कडेला कुठं झीज होते, पावसाचं पाणी कुठून ओघळतं, धूळ कुठं साचते, तेही बघून घ्या. रंग मात्र तिथून उचलू नका. हे रणगाडे पुन्हा पुन्हा रंगवले जातात. एका सकाळच्या निरीक्षणानं तुमच्या मॉडेलमध्ये जो फरक पडेल तो महागड्या रंगसंचानं पडणार नाही.

रंग

जर्मन सैन्याच्या उष्ण प्रदेशासाठीच्या रंगांचे दोन आदेश माहीत असायला हवेत. १९४१ सालचा आदेश : आरएएल (रंगांना क्रमांक देणारी जर्मन पद्धत) ८००० हा पिवळट तपकिरी आणि आरएएल ७००८ हा करडा-हिरवट. मार्च १९४२ चा आदेश : आरएएल ८०२० तपकिरी आणि आरएएल ७०२७ करडा. याशिवाय फेब्रुवारी १९४३ मध्ये सगळ्या सैन्यासाठी गडद पिवळ्या रंगाचा, आरएएल ७०२८ चा आदेश निघाला. १३१ त्याच महिन्यात तयार झालेला असल्यानं त्याच्या रंगाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. माझं मत विचाराल तर आफ्रिकेचा तपकिरी घ्या. पण कोणता रंग का निवडला ते वहीत लिहून ठेवा. उद्या नवा पुरावा आला तर बदलता येईल.

आधी करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर. प्रायमर दिल्याबरोबर जोडांच्या रेघा आणि ओरखडे उघडे पडतात. ते आत्ताच भरा. मग मूळ रंग दोन-तीन पातळ थरांत द्या. एअरब्रश असेल तर उत्तम, नसेल तर स्प्रे कॅन चालतो. ब्रशनंही छान होतं, फक्त अ‍ॅक्रिलिक रंग पाणी किंवा थिनर घालून पातळ करायचा आणि एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. मूळ रंगात किंचित पांढरा किंवा फिका पिवळट मिसळा. लहान मापावर खरा रंग आहे त्याहून गडद भासतो.

कोकणात, मुंबईत, पावसाळ्यात कुठंही : लॅकर रंग आणि लॅकर वार्निश दमट हवेत फवारू नका. हवेतला ओलावा थरात अडकतो आणि पृष्ठभाग पांढुरका पडतो. कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबा, किंवा जून ते सप्टेंबर फक्त बांधणी करा आणि रंग दिवाळीनंतर हाती घ्या.

क्रमांक आणि खुणा

डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील खूण) लावण्याआधी त्या जागी चकचकीत वार्निश द्या. मॅट पृष्ठभागावर डीकलखाली हवा राहते आणि कडा चांदीसारख्या चमकतात. डीकल पाण्यात काही सेकंद बुडवा, कागदावरच सैल होऊ द्या, मग ब्रशनं जागेवर सरकवा. वर डीकल सॉफ्टनर लावा. थोडा वेळ सुरकुत्या पडतील, हात लावू नका, आपोआप बसेल. टरेटवरचा १३१ लाल, पांढऱ्या कडेचा. त्याची उंची आणि जागा १९४३ च्या फोटोवरून मोजा, डोळ्याच्या अंदाजानं नको. सगळ्या डीकलवर पुन्हा एक चकचकीत थर द्या.

मळ, झीज, धूळ

तारखेचा खरा उपयोग इथं होतो. फेब्रुवारीत तयार झालेला हा रणगाडा मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये आफ्रिकेत उतरला आणि २४ एप्रिलला पकडला गेला. म्हणजे त्या दिवशी तो जेमतेम दोन महिन्यांचा होता, आणि आफ्रिकेच्या मातीत फार तर महिनाभर वावरला होता. त्यामुळं ओघळणारा गंज, सगळीकडे उडालेला रंग, फिकट पडलेला पृष्ठभाग हे सगळं या मॉडेलवर चुकीचं. साडेतीन सेंटीमीटरचं गणित आठवा : तुम्ही ब्रशनं सहज टेकवलेला एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे हाताच्या अंगठ्याएवढा उडालेला पोपडा. झाकणांच्या कडा, चढायच्या जागा आणि हत्यारं घासतात त्या ठिकाणी स्पंजच्या टोकानं अगदी बारीक खुणा पुरतात. जाड कवचावर आरपार गंज चढायला वर्षं लागतात; गंज ठेवायचा तर मागच्या एक्झॉस्टवर, कारण तिथला रंग उष्णतेनं लवकर जळतो. तिथंच थोडी काजळी.

मातीचा रंगही तारीख आणि जागाच सांगतात. आफ्रिका म्हटल्यावर हात पिवळ्या वाळूकडे जातो. पण गुरिअत एल अताश उत्तर ट्युनिशियात आहे, मजेर्दा नदीच्या खोऱ्याच्या परिसरात. एप्रिलमध्ये तिथं धान्याची शेतं उभी असतात, टेकड्या गवतानं हिरव्या असतात. सहारा तिथून दूर दक्षिणेला. म्हणून धूळ फिकट तपकिरी ठेवा, चाकांच्या मधे आणि हलच्या पोटाला थोडा वाळलेला चिखल, ट्रॅकमध्ये अडकलेले गवताचे दोन-चार तुकडे.

पद्धत अशी. गडद तपकिरी ऑइल रंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करा आणि बोल्ट, वेल्डिंग, झाकणांच्या फटी एवढ्याच ठिकाणी बारीक ब्रशनं सोडा; पसरलेला रंग टर्पेंटाइनच्या ओलसर ब्रशनं पुसून घ्या. सगळ्या रणगाड्याला हा पातळ रंग (वॉश) फासला तर तो नुसता मळका दिसतो. वाळल्यावर मॅट वार्निश. मग पिग्मेंट पावडर (रंगाची बारीक भुकटी) कोरडीच खालच्या भागावर आणि ट्रॅकवर टाका, टर्पेंटाइनच्या थेंबानं बसवा. ट्रॅकचा मूळ रंग गडद पोलादी तपकिरी. जमिनीला घासणाऱ्या कडा आणि आतून चाकं फिरतात त्या पट्ट्या मऊ पेन्सिलीच्या शिशानं घासा, पोलाद चमकायला लागेल. तेच शिसं कमांडरच्या घुमटाच्या कडेला हलक्या हातानं.

गोळ्यांच्या खुणा

शेवटचा निर्णय वेळेचा : त्या दिवशीचा रणगाडा मारा होण्याआधीचा की नंतरचा? नंतरचा करायचा असेल तर तीन जागा आहेत. तोफेच्या नळीच्या खालच्या बाजूला लागलेला गोळा, जो तिथून घसरून टरेटच्या बैठकीत गेला आणि टरेट फिरेनासं झालं. टरेट उचलायच्या कडीच्या बुंध्यावरचा घाव. आणि तोफ भरणाऱ्या सैनिकाच्या झाकणावरचा तडाखा. कवच कुठंही आरपार फुटलेलं नाही, म्हणून भोक पाडू नका. गोल टोकाच्या छोट्या ड्रिलनं उथळ खळगा करा, कडेला गरम करून ताणलेल्या स्प्रूचा बारीक तुकडा लावून सिमेंटनं मऊ करा आणि उचललेल्या पोलादाची कड घडवा. घाव ताजा आहे, तेव्हा आतला रंग गंजाचा नको. उजळ पोलादी, कडेला जळका काळसर. हे काम रंगाच्या आधी कोरून ठेवायचं आणि रंगानंतर चमकवायचं, म्हणून निर्णय प्रायमर देण्यापूर्वीच घ्या.

तयार मॉडेल लाकडी पाटावर खालून दोन स्क्रूनं घट्ट बसवा आणि वर काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची पेटी ठेवा. घरातली धूळ पिग्मेंटवर बसली की ती पुसता येत नाही, पुसायला गेलात तर पिग्मेंटही निघून येतं. थेट ऊन टाळा. डीकलचा लाल रंग सगळ्यात आधी उडतो. उचलताना नेहमी पाट धरा. नळी, ट्रॅक किंवा धूरनळ्यांना बोट लावू नका.